बेचाळीस अर्ज आणि तीन पिंपं

१

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क अण्णाराव हत्तुरे ऑफिसच्या दारात उभे राहून असे काही ओरडले, की मागच्या अंगाला असलेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्या हातातली काचपट्टी पडून फुटली.

"गठ्ठा गेला! परीक्षेच्या अर्जांचा गठ्ठा गेला!"

मी धावत गेलो. १९७३ सालचा जानेवारी होता. गड्ड्याची यात्रा उतरणीला लागली होती, नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि सगळं सोलापूर आधीच वैतागलेलं होतं. त्यात हे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची बेचाळीस मुलं होती. त्यांचे अर्ज मंगळवारी संध्याकाळपर्यंत विद्यापीठात पोचायलाच हवे होते आणि ते घेऊन अण्णाराव त्याच दुपारी साडेतीनच्या एसटीने निघणार होते. अर्ज नाही तर परीक्षा नाही. बेचाळीस जणांचं वर्ष पाण्यात.

"शनिवारी कपाटात कुलपात ठेवला होता," अण्णाराव प्राचार्यांना सांगत होते. "आज आल्याबरोबर काढून टेबलावर ठेवला. जरा चहाला गेलो, तेवढ्यात नाहीसा! आणि तेवढ्यात खोलीत कोण येऊन गेलं? ती कचरेवाली पोरं. हा त्यांचा पुढारी!"

पुढारी म्हणजे जालिंदर बनसोडे. तो दारातच उभा होता, खांद्यावर रद्दीचं पोतं. पोतं तिथंच उलटं करून झालं होतं. त्यात गठ्ठा नव्हता.

"तीन वाजेपर्यंत गठ्ठा मिळाला नाही," प्राचार्य घड्याळाकडे बघत म्हणाले, "तर या मुलाचं नाव पटावरून कमी करा. आणि ते कचरा गोळा करायचं मंडळही बंद."

"सर, माजा अर्ज बी त्यातच हाय की," जालिंदर म्हणाला.

त्याचं कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते फक्त आमच्या बाईंनी, आणि त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुंडलिक, आज प्रॅक्टिकल नाही घ्यायचं."

२

बाई म्हणजे जगदेवी बिराजदार, वनस्पतिशास्त्राच्या प्रमुख. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, रागावल्या की कानडीत बोलायच्या. प्रयोगशाळेतला साखरेचा डबा कोण संपवतं हे त्यांनी आदल्या वर्षी मुंग्यांच्या रांगेवरून शोधून काढलं होतं. तो मीच निघालो, ते असो. मी मूळचा केम गावचा. प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून मायक्रोस्कोप पुसायचे आणि बाई बोलतील त्याला न समजताही मान हलवायची, हे माझं काम.

जालिंदरचं 'परिसर मंडळ' हे मला खूळ वाटायचं, हे आधीच कबूल करतो. त्याने अक्कलकोट रोडवरच्या एका रंगाच्या कारखान्यातून रिकामी पिंपं आणली होती. हिरव्यात पालापाचोळा आणि उष्टंखरकटं, निळ्यात कागद, काळ्यात काच, पत्रा, चिंध्या. हिरव्याचं मागच्या खड्ड्यांत खत व्हायचं. खड्ड्यांना पाणी म्हणून पोरं प्रयोगशाळेच्या मोरीचं सांडपाणी बादल्यांनी न्यायची. दुष्काळात सगळा बगीचा वाळला, पण खड्ड्यापासची वांगी तेवढी टिकली होती. तरी माझं आपलं एकच पालुपद, शिकायला आलात की झाडायला?

मंडळ सुरू करताना बैठक झाली, तेव्हा अण्णारावांनी एक अट घातली होती. "ऑफिसातल्या देवाच्या कोनाड्याकडे या पोरांनी फिरकायचं नाही. निर्माल्याला हात लावायचा नाही. ते सिद्रामप्पा बघेल." का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. जालिंदरलाही कळलं होतं. त्याने मान खाली घालून वहीत अट लिहून घेतली.

आता गठ्ठा गेला म्हटल्यावर माझाही संशय त्याच्यावरच गेला, खोटं कशाला सांगू.

"बाई, दुसरं कोण नेणार?" मी म्हणालो.

"अर्ज चोरून कुणाला काय मिळणार, ते सांग आधी," बाई म्हणाल्या. तिथून जो गोंधळ सुरू झाला तो दुपारपर्यंत सुटला नाही.

३

आम्ही आधी अण्णारावांकडे गेलो. ते खुर्चीत बसले होते आणि कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांतून घाम ओघळत होता.

"गठ्ठा कसा बांधला होता?" बाईंनी विचारलं.

"अर्ज उभे दुमडले, एकावर एक रचले, सुतळी घातली. वर, वर फडकं."

"कसलं फडकं?"

"फडकं हो, पिवळं. प्रवासात मळू नये म्हणून."

बाईंनी जावक नोंदवही मागितली. शनिवारची शेवटची नोंद होती, बेचाळीस अर्ज, विद्यापीठाकडे. तिच्या बाजूला समासात काहीतरी पांढुरकं फासलेलं होतं.

"खडू!" मी बाईंच्या कानाशी कुजबुजलो. ऑफिसात खडू कुठून आला? म्हणजे कुणीतरी प्राध्यापक इथं येऊन वही चाळून गेले. गणिताच्या सरांचं आणि अण्णारावांचं रजेवरून भांडण झालेलं मला माहीत होतं. माझ्या डोक्यात गणिताच्या सरांना बेड्याही पडल्या.

बाईंनी बोट लावून वास घेतला. मागची पानं उलटली. दिवाळीच्या आधीच्या पानांवर, महत्त्वाच्या नोंदींपाशी, तसंच पांढुरकं होतं. नंतर मात्र एकदम स्वच्छ, ते थेट या शनिवारपर्यंत.

"दिवाळीत काय झालं होतं, अण्णाराव?"

"काही नाही. एका रजिस्टरचा कोपरा जळला होता. निरांजनाने. प्राचार्य रागावले होते," अण्णाराव पुटपुटले आणि विषय तोडला.

खोलीच्या कोपऱ्यात त्यांचा देवाचा कोनाडा होता. शंकराचा फोटो, विभूतीची वाटी आणि कोरी करकरीत पोथी. ही पोथी त्यांनी शनिवारीच गड्ड्यावरून आणली होती आणि ऑफिसभर मिरवली होती. "जुनीला पार कसर लागली," असं ते मला, शिपायाला, प्राचार्यांना, ज्याला त्याला सांगत होते. "आता तिला पाण्यात सोडली पाहिजे." ती जुनी पोथीही मला दिसली, फोटोच्या मागे तिरकी खोचून ठेवलेली, पानांची पार चाळण झालेली. माणसाचा जीव अडकतो अशा वस्तूत. मी काही त्याचा विचार केला नाही.

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. पिंपात काहीतरी सापडलं होतं.

४

निळ्या पिंपाभोवती ही गर्दी. पोरांनी सगळी रद्दी सतरंजीवर पसरली होती आणि गर्दीतल्या एकाने एक फाटका कागद वर धरला होता. परीक्षेचा अर्ज. अर्धाच. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, 'बनसोडे जालिंदर भीमा'.

"बघा!" अण्णाराव धापा टाकत आले. "फाडून टाकले त्याने!"

आता मात्र माझी मती गुंग झाली. चोर स्वतःचा अर्ज का फाडेल? आणि फाडायचाच तर स्वतःच्याच पिंपात कशाला टाकेल? बाकीचे एकेचाळीस कुठं गेले? हिरव्या पिंपात पोरांनी कोपरापर्यंत हात घातले. काळं पिंप उलटं केलं. खताचे खड्डे फावड्याने उकरले. कागदाचा एक कपटाही नाही.

"ह्यो माजा खराब झाल्याला फॉर्म हाय," जालिंदर म्हणाला. तो मागे सरला नाही. "जल्मतारीख चुकली म्हनून दुसरा भरला. तवाच ह्यो फाडून टाकला. म्हनून तर माजा अर्ज सगळ्यात शेवटी गेला, शनिवारी चार वाजता. अण्णाराव सरांनीच घेतला की हातात."

"खरं का?" बाईंनी अण्णारावांना विचारलं.

"शेवटचा त्याचाच होता," ते नाइलाजाने म्हणाले. "त्याने काय सिद्ध होतं?"

"एवढंच, की तो गठ्ठ्यात सगळ्यात वर होता," बाई म्हणाल्या.

पावणेदोन वाजले होते. जालिंदर पिंपाला टेकून खाली बसला. "बाई, माजा बा गिरणीत बदली कामगार म्हनून जातो," तो हळूच म्हणाला. "आमच्या घरात पयला मी हितवर आलो. आज नाव गेलं तर घरी काय सांगू? कचरा उचलताना चोरी केली म्हनून?"

मला त्याच्याकडे बघवेना. बाई मात्र त्याच्या शेजारी पिंपावर दगडाखाली ठेवलेली एक वही उचलून वाचू लागल्या. वरती लिहिलं होतं, 'चुकांची वही'.

५

वहीत दोन रकाने होते. पहिल्यात वस्तू आणि दुसऱ्यात 'टाकणारा काय समजला'. चहाचा चोथा निळ्या पिंपात सापडला, कारण पुडी कागदाची होती आणि टाकणारा तिला कागद समजला. नारळाची करवंटी काळ्या पिंपात गेली, टाकणारा तिला लाकूड समजला. अशा सतरा नोंदी.

"हे कशासाठी रे?" बाईंनी विचारलं.

"चुकीच्या पिंपात काय गेलं, की आमी पयल्यांदा ती वस्तू काय हाय ते बगत बसायचो," जालिंदर म्हणाला. "त्यानं काय कळंना. मग ठरवलं, टाकणाऱ्याच्या डोळ्यानं बगायचं. त्यो काय समजून टाकतो, ते कळलं की वस्तू कुटं गेली ते बी कळतं."

बाई वही मिटून म्हणाल्या, "सकाळपासून आपण सगळे अर्ज शोधतोय. तिथंच चुकलं. सिद्रामप्पा कुठाय?"

सिद्रामप्पा हा ऑफिसचा म्हातारा शिपाई. सकाळी साडेसातला ऑफिस तोच उघडतो. तो पायरीवर बसून शेंगाचटणी-भाकरी खात होता. बाईंना बघून उठू लागला, बाईंनी त्याला बसवलं.

"सिद्रामप्पा, सकाळी तुम्ही काय काय केलं?"

"दार उघाडलो री, बाई. झाडलो. सोमवार की, देवाचं केलो. मग पोरं आली रद्दीला. दारातल्या टोपलीतली रद्दी घेतली, गेली."

"कोनाड्याकडे गेली का?"

"छे छे! ती पोरं उंबऱ्याच्या आत तेवढी येत्यात. कोनाड्याकडं बघत सुद्धा नाहीत."

"टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता?"

"मी कागदाला हात लावत नाय री. टेबल मोकळं होतं. साहेब नंतर आले." मग त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि तो सुरकुतलेल्या तोंडाने हसला. "देवाचं मात्र सगळं साफ केलो. हार, बेल, आणि साहेबांची जुनी पोथी पण गेली एकदाची. सोडायची सोडायची म्हणत होते की शनिवारी."

बाई उभ्या राहिल्या. "येन, काय? पोथी तुम्ही नेली?"

"हौदु. मीच नेली."

मला काहीच उमजलं नाही. पोथी गेली तर गेली. बाईंनी मात्र घड्याळ बघितलं, दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मला म्हणाल्या, "प्राचार्यांना घेऊन ये. अण्णारावांनाही. बेलाच्या झाडाखाली."

६

बेलाचं झाड आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर आहे. झाडाशेजारी कॉलेजची विहीर. एरवी सिद्रामप्पा निर्माल्य त्या विहिरीत सोडायचा. पण त्या वर्षी विहिरीचा तळ उघडा पडला होता आणि कोरड्या दगडावर देवाची फुलं टाकायची म्हणजे कुत्र्यांच्या पायाखाली द्यायची. म्हणून त्याने वेताची एक बुट्टी दोराने फांदीला उंच टांगली होती. पाणी येईल तेव्हा सोडू, असं म्हणून त्यात तो निर्माल्य साठवायचा. मला ती रोज खिडकीतून दिसायची. त्या दिवशी सकाळीही दिसली होती.

सगळे जमले. प्राचार्य कपाळाला आठ्या घालून उभे होते. "बाई, अडीच वाजत आले आहेत."

"तेवढा वेळ पुरेल," बाई म्हणाल्या. "अण्णाराव, तुमच्या कोनाड्यात आत्ता पोथ्या किती आहेत?"

"दोन. नवी आणि जुनी."

"जुनी सोडली नाही?"

"धीर होईना. फोटोच्या मागे ठेवली."

"सिद्रामप्पा म्हणतात, सकाळी त्यांनी ती नेली."

सिद्रामप्पा गडबडला. "नेलो की! पिवळ्या फडक्यात होती. वर बेल, वर विभूती. देवाच्या पायाशी."

"दोन्ही पोथ्या जागेवर आहेत," बाई म्हणाल्या. "मग पिवळ्या फडक्यात तिसरं काय होतं? बेचाळीस अर्ज उभे दुमडून रचले की पोथीएवढेच होतात. नोंदवहीतलं ते पांढरं खडू नाही, विभूती आहे. वास येतो तिला. महत्त्वाचे कागद देवापुढे ठेवून मगच पाठवायचे, ही अण्णारावांची जुनी पद्धत. दिवाळीत रजिस्टर जळलं आणि प्राचार्यांनी ती बंद केली. या वेळी बेचाळीस मुलांचं भविष्य होतं, म्हणून त्यांना राहवलं नाही. शनिवारी त्यांनी अर्ज देवापुढे ठेवले. कपाटात नाही, टेबलावरही नाही. बरोबर?"

अण्णाराव खाली बघत म्हणाले, "मुलं पास व्हावीत म्हणून. दुसरं काही नव्हतं मनात."

"ते खरं आहे. पण मग खोटं सांगितलंत, आणि त्या खोट्यापायी या मुलाला चोर ठरवलंत." बाईंचा आवाज चढला. "कोनाड्याकडे फिरकायची त्याला तुम्हीच बंदी केली होती. गठ्ठा तिथं होता हे खरं सांगितलं असतं, तर त्याने नेला असं म्हणताच आलं नसतं."

"आपण तिन्ही पिंपं उलटी केली," बाई पुढे म्हणाल्या. "इथं कुणीच बघितलं नाही. निर्माल्याला आपल्यात कुणी कचरा म्हणत नाही ना. सिद्रामप्पा, बुट्टी खाली घ्या."

बुट्टी खाली आली. सुकलेली झेंडूची फुलं, बेलाची पानं, आणि त्याखाली पिवळ्या फडक्याचा कोपरा. सिद्रामप्पाने हात पुढे केला, तसं बाईंनी त्याला अडवलं. "जालिंदर, तू काढ."

जालिंदरने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"निर्माल्याला हात लावायची आमाला मनाई हाय, बाई. वहीत लिवलंय."

पावणेतीन वाजले होते. प्राचार्यांनी अण्णारावांकडे बघितलं. अण्णाराव घशातल्या घशात म्हणाले, "काढ रे."

"हात लावला तर चालंल का सर? मोठ्यानं सांगा. सगळ्यांफुडं."

अण्णाराव हत्तुऱ्यांना मी अकरा वर्षं ओळखत होतो. शिपायाने पाणी उशिरा आणलं तरी ते ऐकून घेत नसत. त्यांनी घाम पुसला, पुसताना कपाळाचे भस्माचे पट्टेही पुसले गेले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "चालेल. लाव हात. चुकलो मी, बाळ."

जालिंदर गुडघ्यावर बसला. फुलं एका बाजूला सारून त्याने गठ्ठा काढला, फडकं सोडलं. बेचाळीसच्या बेचाळीस अर्ज होते. पाणी असतं तर सकाळी आठ वाजताच त्यांचा लगदा झाला असता. सगळ्यात वरच्या अर्जावर विभूतीची तीन बोटं ओढलेली होती, नेमकी नावाच्या वर. 'बनसोडे जालिंदर भीमा'.

तो त्याकडे बघत राहिला. "ह्ये पुसू का, सर?"

अण्णारावांनी मान हलवली, नको म्हणून. मग पोरांनी त्यांना आणि गठ्ठ्याला सायकलवर बसवून एसटी स्टँडवर पोचवलं. गाडी मिळाली. अर्ज वेळेत गेले.

त्या संध्याकाळी मी पिंपांपाशी गेलो. कशाला, मलाही ठाऊक नाही. माफी मागायची होती, पण जालिंदर घरी गेला होता. चुकांची वही दगडाखाली होती. अठरावी नोंद ताजी होती. वस्तू, बेचाळीस अर्ज. टाकणारा काय समजला, पोथी.

त्याखाली त्याच शाईत एकोणिसावी होती. वस्तू, जालिंदर बनसोडे. काय समजले, चोर.

मी खिशातलं पेन काढलं आणि समजणाऱ्यांत माझं नाव लिहिलं. मग वाऱ्याने उडू नये म्हणून वहीवर दगड नीट ठेवला, आणि खड्ड्याला दोन बादल्या पाणी घालून घरी गेलो.